शंभर युनिटांच्या आत: घरच्या विजेची वही

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात मेंटेनन्सच्या टेबलावर विजेचं रजिस्टर असतं. रोजचे युनिट, मॅक्झिमम डिमांड, पॉवर फॅक्टर. एखाद्या दिवशी आकडा चढला की साहेब विचारतात, रात्री कॉम्प्रेसर चालूच राहिला होता का? ते रजिस्टर भरणारा माणूस संध्याकाळी अशोकनगरला नाहीतर श्रमिकनगरला घरी येतो, बिल हातात पडलं की पोरांवर ओरडतो, "लाइट बंद करत जा रे!" लाइट बंद होतात आणि पुढच्या महिन्याचं बिल होतं तेवढंच येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

खरा चोर कोण, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. ते शोधायला एक वही, सेकंद दाखवणारा मोबाइल, मागच्या वर्षभराची बिलं आणि एखादा आठवडा एवढं पुरतं. नवीन वस्तू घ्यायची ती त्यानंतर, आधी नाही.

आधी बिल नीट वाचा

बहुतेक लोक बिलात दोनच गोष्टी बघतात: रक्कम आणि शेवटची तारीख. आपल्याला त्याआधी चार गोष्टी बघायच्या आहेत. चालू आणि मागील रीडिंग, त्या दोन रीडिंगमधले दिवस, मीटरचा फोटो आणि मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता. फोटोतला आकडा आणि छापलेलं चालू रीडिंग जुळतं का, हे आधी पाहा. बिल सरासरीने काढलेलं असेल तर त्या महिन्याचे युनिट हिशेबात धरू नका, कारण ते तुम्ही वापरलेले युनिट नव्हेत.

आता टप्पे. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. दर बदलत राहतात, ते बिलावर छापलेले असतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क चढतं. स्थिर आकार मात्र तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी द्यावाच लागतो.

याचा अर्थ काय ते हिशेबाने बघू. सोपं पडावं म्हणून दुसरा दर बरोब्बर दुप्पट धरा. महिन्याला १४० युनिट जाळणाऱ्या घराचे वरचे ४० युनिट ८० युनिटांच्या भावाने पडतात, म्हणजे वीज आकार १८० भाग. हे घर १०० वर आलं तर वापर कमी झाला २९ टक्के, पण वीज आकार उतरला ४४ टक्के. म्हणून एकूण बिलाला युनिटांनी भागून "आम्हाला युनिट आठ रुपयांना पडतो" असं म्हणण्यात अर्थ नाही. तुम्ही जो युनिट वाचवणार आहात तो नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातला असतो. सगळं धरून दुसऱ्या टप्प्यातला युनिट सध्या बारा-तेरा रुपयांच्या घरात जातो.

भाडेकरूंनी इथेच थांबून एक गोष्ट तपासावी. सातपूर भागात एका मालकाच्या चार खोल्या, चार सबमीटर आणि महावितरणचं मीटर एकच, असा प्रकार सर्रास दिसतो. प्रत्येक खोलीने ६० युनिट वापरले तर मुख्य मीटरवर २४० होतात, त्यातले १४० दुसऱ्या टप्प्यात. मग मालक सरसकट चढा दर लावतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्यालाही बिल तसंच आलेलं असतं. हेच चार स्वतंत्र कनेक्शन असते तर सगळे युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते. अर्थात प्रत्येक मीटरचा स्थिर आकार वेगळा लागला असता, तो वजा करूनही फरक राहतो का, हे कागदावर मांडून मालकाशी बोलावं. मी म्हणेन, काटकसरीच्या दहा सूचनांपेक्षा हे एक बोलणं जास्त कामाचं.

वही सुरू करा

रोज एकाच वेळी मीटरचं रीडिंग लिहायचं. मीटर खाली जिन्यापाशी असेल तर कामावर निघताना. मीटरची पाटी आळीपाळीने तारीख, व्होल्टेज, करंट असे आकडे दाखवत राहते. आपल्याला हवा तो आकडा ज्याच्या शेजारी 'केडब्ल्यूएच' लिहिलेलं असतं तो. नुसतं 'केडब्ल्यू' लिहिलेला आकडा म्हणजे मॅक्झिमम डिमांड, तो नको. पॉइंटनंतरचे आकडेही लिहा. बिलात ते धरत नाहीत, पण रोजच्या हिशेबात ते लागतात.

वहीत चार रकाने पुरे: तारीख, रीडिंग, कालपासूनचे युनिट आणि शेरा. शेऱ्यात पाळी लिहायची. सातपूरच्या घराचा वीजवापर पाळीवर चालतो, हे बाहेरच्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. पहिली पाळी असली की पहाटे पाचला गीझर. नाइट असली की सकाळी परत आल्यावर आंघोळ, आणि मग घरातली बाकी माणसं कामात असताना एका खोलीत पडदे लावून दिवसभर पंखा. दोन कमावते वेगवेगळ्या पाळीला असतील तर गीझर दिवसातून तीनदा तापतो. शिवाय पाहुणे, घरघंटीवर दळण, इस्त्रीचा ढीग, पावसात न वाळलेले कपडे पंख्याखाली टाकणं, हेही शेऱ्यात हवं. आठवडा संपला की कुठला दिवस उंच गेला आणि का, हे वहीच सांगते.

महावितरणने तुमच्याकडे टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारं, स्मार्ट मीटर बसवलं असेल तर तासागणिक वापर मोबाइल अॅपमध्ये दिसतो. काम सोपं होतं, पण शेरा तुम्हालाच लिहायचा आहे. अॅपला पाळी कळत नाही.

लुकलुकणारा लाल दिवा

ही पायरी सगळ्यात मजेची, आणि बहुतेकांना ठाऊकच नसते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ १६००, ३२०० किंवा ६४०० असा आकडा आणि 'इम्प/केडब्ल्यूएच' छापलेलं असतं. ३२०० म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. म्हणजे दिव्याचा वेग मोजला की त्या क्षणी घरात किती वॅट ओढले जात आहेत, ते कळतं.

दोन माणसं लागतात. एक मीटरपाशी, एक वर घरात, दोघांचा फोन चालू. मीटरपाशी असलेल्याने एका लुकलुकीला शून्य म्हणून घड्याळ सुरू करायचं आणि पुढच्या दहाव्या लुकलुकीला थांबवायचं. मग भागाकार करायचा. मीटरवर ३२०० असेल तर ११,२५० ला आलेल्या सेकंदांनी भागा. १६०० असेल तर २२,५०० ला, ६४०० असेल तर ५,६२५ ला. उत्तर वॅटमध्ये येतं.

उदाहरणार्थ, ३२०० चं मीटर, दहा लुकलुकींना ९० सेकंद लागले. ११,२५० भागिले ९० म्हणजे १२५ वॅट. आता वरच्याला सांगा, हॉलमधला पंखा पूर्ण वेगाने लाव. पुन्हा मोजलं तर ५६ सेकंद, म्हणजे २०० वॅट. पंखा खातो ७५ वॅट. अशीच एकेक वस्तू लावून आणि बंद करून मोजत जायचं. फ्रिज मधेच सुरू होतो आणि गणित बिघडवतो, म्हणून तेवढा वेळ त्याचं बटण बंद ठेवावं. गीझर लावला की दिवा इतक्या झपाझप लुकलुकतो की मोजणंच अवघड; तिथे दहाऐवजी पन्नास लुकलुकी मोजा आणि आकडा पाचपट करा. पोरांना मीटरपाशी उभं केलं तर त्यांना हे एकदा बघूनच पाठ होतं, आणि गीझरविषयी पुन्हा सांगावं लागत नाही.

प्लगमध्ये बसणारं छोटं मोजणी-यंत्र ऑनलाइन मिळतं. फ्रिज, टीव्ही यांच्यासाठी ते सोयीचं आहे; पण चार शेजाऱ्यांनी मिळून एक घेतलं तरी पुरे.

मेन स्विच पाडून बघा

घरातला मेन स्विच पूर्ण बंद करा आणि पाच मिनिटं मीटरकडे बघा. लाल दिवा लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठेतरी वीज जाते आहे: जिन्यातला दिवा तुमच्या वायरवर जोडलेला असेल, जुन्या वायरिंगमध्ये गळती असेल, नाहीतर कोणीतरी जोड घेतलेला असेल. हाउसिंग बोर्डाच्या जुन्या इमारतींत आणि वाढीव मजले चढवलेल्या घरांत हे होऊ शकतं. इथे स्वतः पेचकस घेऊन उघडत बसू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

मेन स्विच पाडल्यावर दिवा थांबला, पण मेन चालू आणि घरातली सगळी बटणं बंद असताना लुकलुकतो, तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या विसरलेल्या वस्तूत. ती वस्तू बहुधा इन्व्हर्टर असते. भारनियमनाच्या काळात घेतलेले इन्व्हर्टर अजून कपाटाखाली आहेत. बॅटरी म्हातारी झालेली, तरी ती रोज चार्ज होत राहते आणि पाणी मागत राहते. वीज क्वचितच जात असेल तर हा पाहुणा पोसायचा का, विचार करा.

रात्रीचं रीडिंग

झोपताना एक रीडिंग, उठल्या उठल्या दुसरं. या सात तासांत चालतात ते फ्रिज, पंखे, राउटर आणि सेट टॉप बॉक्स. पंख्यांचे वॅट मोजलेले आहेतच, ते वजा करा. उरतं ते फ्रिज आणि झोपेतही जागी राहणारी यंत्रं. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही दहा-बारा वॅट खातो. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला सात ते साडेआठ युनिट होतात. रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा.

फ्रिजचा आकडा दिवसाला दीड युनिटाच्या वर निघाला तर आधी दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलं. मागची जाळी पुसा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, भात गरम असताना आत ठेवू नका. तरी आकडा उतरला नाही तर कॉम्प्रेसरचं वय झालं. नवा घेताना तारे मोजू नका, लेबलवर लिहिलेले वर्षाचे युनिट वाचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये तारांकनाची योजना सुरू केली, तेव्हापासून निकष अनेकदा कडक झाले आहेत. जुन्या लेबलवरचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत.

आता कापाकापी, आणि सुरुवात गरम पाण्यापासून

वही भरली की वस्तूंची यादी उतरत्या क्रमाने मांडा: वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. एसी नसलेल्या घरात हिवाळ्यात यादीच्या डोक्यावर बहुधा गरम पाणी निघेल.

हिशेब असा. नाशिकच्या थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं धरू, आंघोळीला ४० अंशांचं हवं. एका बादलीत २० लिटर. एवढं पाणी २० अंशांनी तापवायला साधारण ०.४७ युनिट लागतो, गीझर कुठल्याही कंपनीचा असो. ९ वॅटचा एलईडी बल्ब पाच तास जळला तर ०.०४५ युनिट. म्हणजे एक आंघोळ बरोबर दहा बल्ब पाच तास. चार माणसांच्या चार बादल्या महिन्याला ५६ युनिट होतात, पहिल्या टप्प्यातला निम्म्याहून जास्त भाग पाण्यातच गेला. आणि हे गीझर फुकट तापलेला न ठेवता.

म्हणून क्रम असा लावा. गीझरचा थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणा. आंघोळी एकामागे एक घ्या. पहिल्या पाळीवाल्याच्या मागोमाग शाळेचं पोर गेलं तर उरलेलं गरम पाणी वाया जात नाही. आंघोळ झाली की बटण बंद. बटण बाथरूमच्या बाहेर आणि त्यावर दिवा असेल तर विसर कमी पडतो. धुण्याभांड्याला गीझरचं पाणी नको.

मग गॅसचं गणित करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता, वाया जाते ती सोडून, पाण्यात साधारण १४० युनिटांइतकी उतरते. आजच्या सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागा आणि तो भाव तुमच्या वरच्या टप्प्यातल्या युनिटाशी ताडून पाहा. दुसऱ्या टप्प्यात असलेल्या घराला गॅस बहुधा स्वस्त पडेल. १०० च्या आत असलेल्याला फारसा फरक पडणार नाही. पण गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा. स्वतःची गच्ची असेल तर सोलर वॉटर हीटर या सगळ्यांपेक्षा सरस. सातपूरला आठ महिने तरी कडक ऊन असतं.

पंखे

दुसरा नंबर पंख्यांचा, कारण ते दिवसाचे तास खातात. जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर जुना महिन्याला २७ युनिट, नवा ११. एका पंख्यामागे १६ युनिट. दुसऱ्या टप्प्यातल्या घरात ही महिन्याला दोनशे रुपयांची बचत, म्हणजे अडीच-तीन हजारांचा पंखा दीडेक वर्षात फिटतो. सगळे एकदम बदलू नका. वहीत सर्वात जास्त तास ज्याचे आहेत, म्हणजे नाइटवाला जिथे दिवसा झोपतो तिथला, तो आधी. स्वयंपाकघरातला तासभर चालणारा पंखा जुनाच राहू द्या. कितीही चांगला असला तरी त्याचे पैसे फिटणार नाहीत. भिंतीवरचा मोठा, गरम होणारा जुना रेग्युलेटर असेल तर तो मात्र काढा, वेग कमी केला तरी त्यात वीज जळते.

बाकीच्यांचं थोडक्यात. ट्यूबलाइट अजून चोकवाली असेल तर एलईडी पट्टी लावा, पन्नासचे वीस वॅट होतात. मिक्सर आवाज करतो म्हणून बदनाम आहे. ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटं फिरला तर ०.०६ युनिट, त्याला जगू द्या. घरघंटीला तासाला पाऊण ते एक युनिट लागतो, तेव्हा आठवड्याचं दळण एकदाच काढा. इस्त्रीही एकदाच. एसी असेल तर २४ अंशांवर, आणि नाशिकला उन्हाळ्यातही रात्री हवा उतरते, तेव्हा मध्यरात्रीचा टायमर लावून खिडकी उघडा. टीओडी मीटरच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळच्या वापराला सवलत जाहीर झाली. तुमच्या बिलावर ती ओळ दिसत असेल तर वॉशिंग मशीन, इस्त्री, दळण त्या वेळेत न्या.

सोलर पॅनलचा विचार यानंतर. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. आधी वापर उतरवला तर तीनऐवजी दोन किलोवॅटवर भागतं.

जे घेऊ नये

प्लगमध्ये लावा आणि बिल निम्मं करा, अशा 'पॉवर सेव्हर' डब्या ऑनलाइन विकल्या जातात. आत एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा. कारखान्यात कपॅसिटर लावून पैसे वाचतात, कारण उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर निघतं, पॉवर फॅक्टर बिघडला की भुर्दंड बसतो. घरच्या मीटरवर पैसे लागतात ते केडब्ल्यूएचचे. त्यामुळे डबी काही वाचवत नाही, उलट तिचा हिरवा दिवा तुमच्याच मीटरवर जळतो. एमआयडीसीत काम करणारेही ही डबी घेतात याचं मला नवल वाटतं. आणि मीटरवर चुंबक लावून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नोंदवला जाईल तो ग्राहकावर.

फरक पडला का, ते कसं ठरवायचं

मेची तुलना एप्रिलशी नको, गेल्या वर्षीच्या मेशी करा. आणि एकूण युनिटांची नको, रोजच्या सरासरीची करा, कारण एखादं बिल २८ दिवसांचं असतं, एखादं ३३ चं. एका महिन्यात एकच मोठा बदल करा, म्हणजे कशाने किती उतरलं ते कळेल. आठवडाभराच्या रोजच्या नोंदी झाल्या की पुढे रविवारचं एक रीडिंग पुरतं. महिन्याच्या मध्यावर वही ५५ च्या पुढे गेलेली दिसली, की उरलेल्या पंधरवड्यात शंभराच्या आत राहायला काय आवरायचं ते ठरवता येतं.

वहीत युनिट उतरलेले आणि बिलात चढलेले, असं झालं तर गप्प बसू नका. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मीटरचा तारखेसह फोटो काढा, उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मीटरवर शंका असेल तर शुल्क भरून त्याची चाचणी मागता येते. तिथे दाद लागली नाही तर नाशिक परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, त्यापुढे विद्युत लोकपाल. अर्जाला वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा.